७२,९९० ला आरटीएक्स ४०५० चा लॅपटॉप: सेलमधली ही किंमत घेण्यासारखी आहे का?

जळगावकर_प्रसाद

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी लॅपटॉप बघतोय. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, जळगावात होस्टेलवर राहतो. काम म्हणजे सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, पुढे अ‍ॅन्सिस. खेळ म्हणजे व्हॅलोरंट आणि जीटीए ५, शिवाय सायबरपंक २०७७ त्याला चालवायचाच आहे. निदान चार वर्षं चालावा अशी अपेक्षा.

सेलमध्ये हा दिसला: इंटेल आय५-१३४२०एच प्रोसेसर, आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स चिप (तिची मेमरी ६ जीबी), ८ जीबी डीडीआर५ रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी १४४ हर्ट्झ. एमआरपी १,०४,९९०, सेलची किंमत ७५,९९०, क्रेडिट कार्डावर आणखी ३,००० कमी, म्हणजे हातात ७२,९९० ला. पानावर मोठ्या अक्षरात ३० टक्के सूट लिहिलंय.

त्याच साइटवर दुसरा आहे: रायझेन ७ ७४३५एचएस, आरटीएक्स ४०६० ८ जीबी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी, सगळ्या ऑफर धरून ८८,९९०. फरक बरोबर १६,००० चा. पहिला घ्यावा का, की ओढाताण करून दुसरा?

वॉट_मोजा

आधी ते ३० टक्के डोक्यातून काढा. एमआरपी म्हणजे खोक्यावर छापलेली कमाल किंमत. गेमिंग लॅपटॉप त्या किमतीला बहुतेक कधी विकलाच जात नाही. सूट मोजायची ती मागच्या तीन-चार महिन्यांच्या चालू भावाशी. किमतींचा आलेख दाखवणाऱ्या साइटवर प्रॉडक्टची लिंक टाका. सेलच्या आधी तो ७७-७८ हजारांना मिळत असेल तर खरी सूट चार-पाच हजारांची आहे.

आता लॅपटॉपकडे. ‘आरटीएक्स ४०५०’ एवढ्या नावावरून काहीच ठरत नाही. लॅपटॉपमधली ही चिप कंपनी ३५ ते ११५ वॉटमध्ये कुठेही बसवू शकते, आणि एनव्हिडियाच्या स्वतःच्या माहितीत तिची बूस्ट क्लॉक (जोरात चालतानाचा वेग) १,६०५ पासून २,३७० मेगाहर्ट्झपर्यंत आहे. नाव तेच, स्टिकर तोच, पण ४५ वॉटची ४०५० आणि १०० वॉटची ४०५० यांच्या कामात ठळक फरक पडतो. उलट १०० वॉटच्या पुढे फारसा फायदा नाही, कारण ४०५० आणि ४०६० दोन्ही तिथे व्होल्टेजच्या मर्यादेला टेकतात. ‘१४० वॉट’ची जाहिरात बघून जास्तीचे पैसे मोजू नका, पण ६० च्या खाली असेल तर भाव पाडूनच घ्या.

हा आकडा विक्रेत्याच्या पानावर नसतो. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल कोड घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. सिरीजचं नाव एकच ठेवून रॅम, स्क्रीन आणि वॉट वेगवेगळे असलेली पाच-सहा मॉडेलं विकली जातात, आणि यूट्यूबवरचा रिव्ह्यू बहुधा त्यातल्या सगळ्यात चांगल्याचा असतो. तो कोड कंपनीच्या साइटवर टाकून ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ बघा. तिथेही नसेल तर चार्जर किती वॉटचा ते बघा. २३० वॉटचा चार्जर असेल तर ग्राफिक्सला बहुतेक शंभराच्या वर मिळतात. १३५ किंवा १५० चा असेल तर तेवढे सहसा मिळत नाहीत.

एवढं शोधून इथे टाका: ग्राफिक्सचे वॉट, रॅमच्या किती स्टिक आणि किती स्लॉट, स्क्रीनचे निट्स (उजेड) आणि रंगांची टक्केवारी, चार्जर. त्यानंतर किमतीबद्दल बोलू.

दोन_स्टिक_हव्यात

रॅमबद्दल सविस्तर लिहितो, कारण या किमतीतले लॅपटॉप नेमके इथेच मार खातात.

८ जीबी म्हणजे जवळजवळ नक्की एकच स्टिक. डीडीआर५-४८०० ची एक स्टिक सेकंदाला ३८.४ जीबी डेटा पुरवते, दोन स्टिक ७६.८. प्रोसेसरला अर्धीच वाट मिळाली की सरासरी फ्रेम रेट थोडा पडतो, पण किमान फ्रेम रेट जास्त पडतो. खेळताना मध्येच जो झटका जाणवतो तो हाच. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळात हे सगळ्यात जास्त दिसतं. शिवाय विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडे असताना ८ जीबीतले खेळासाठी जेमतेम तीन-चार उरतात. सॉलिडवर्क्समध्ये शे-दोनशे पार्टची असेंब्ली उघडली की एसएसडीवर फाइल अदलाबदल सुरू होते आणि सगळंच रेंगाळतं.

म्हणजे ८ जीबीचा लॅपटॉप घेताना रॅमचे पैसे त्याच दिवशी हिशोबात धरायचे. पूर्वी हे सोपं होतं, स्टिक स्वस्त होत्या. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव प्रचंड चढले आहेत, त्यामुळे ‘८ चा घेऊ, नंतर वाढवू’ हा जुना सल्ला आता तसाच्या तसा चालत नाही. सेलचं बटण दाबण्याआधी १६ जीबी डीडीआर५ लॅपटॉप रॅमचा आजचा भाव दोन दुकानांत विचारा. मुंबईत कोणी ओळखीचं असेल तर लॅमिंग्टन रोडलाही विचारायला सांगा.

आणखी एक बारकावा. डीडीआर५ च्या ८ जीबी स्टिकमध्ये सहसा चारच मोठ्या चिप असतात, स्टिकवर ‘१आरx१६’ असं छापलेलं असतं. त्यात बँक ग्रुप (मेमरीचे स्वतंत्र कप्पे) निम्मे असतात म्हणून त्या १६ जीबीच्या स्टिकपेक्षा थोड्या संथ चालतात. ८ अधिक ८ हे एका ८ पेक्षा खूपच बरं, पण परवडत असेल तर ८ अधिक १६ करा. पहिले १६ जीबी दोन्ही वाटांनी चालतात, वरचे ८ एका वाटेने, आणि प्रत्यक्ष वापरात ते कळत नाही.

जळगावकर_प्रसाद

धन्यवाद. मॉडेल कोड टाकून बघितलं. ४०५० वाला: ग्राफिक्स ७५ वॉट, चार्जर १३५ वॉट, ८ जीबीची एक स्टिक, स्लॉट दोन, एसएसडीसाठी एम.२ चे स्लॉटही दोन. स्क्रीन २५० निट्स, रंग ४५ टक्के एनटीएससी. मक्स स्विच (स्क्रीन थेट ग्राफिक्स चिपला जोडणारा) असल्याचा उल्लेख नाही.

४०६० वाला: १४० वॉटपर्यंत, १६ जीबीची एक स्टिक, स्लॉट दोन, स्क्रीन २५० निट्स पण १०० टक्के एसआरजीबी. चार्जर २४० वॉट. सेलच्या आधी तीन महिने ४०५० वाला ७६ ते ७९ हजारांत दिसतोय.

वॉट_मोजा

आता चित्र स्पष्ट झालं. खरी सूट चार-पाच हजारांची. वाईट नाही, पण धावत जाऊन घेण्यासारखीही नाही.

७५ वॉटची ४०५० फुल एचडीला व्यवस्थित चालते. सायबरपंक मध्यम ते हाय सेटिंगवर डीएलएसएस (लहान चित्र बनवून ते मोठं करण्याची एनव्हिडियाची सोय) क्वालिटीवर लावून साठच्या आसपास ठेवता येईल. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणं) मात्र विसरा. अडचण आहे ती ६ जीबीची. ग्राफिक्स मेमरी भरली की टेक्स्चर (खेळातल्या वस्तूंवरची चित्रं) पीसीआय एक्सप्रेसमधून, म्हणजे ग्राफिक्स चिपला बाकीच्या लॅपटॉपशी जोडणाऱ्या रस्त्याने, साध्या रॅममध्ये ढकलली जातात. या दोन्ही चिपना आठच लेन असतात आणि तो रस्ता ग्राफिक्स मेमरीच्या मानाने फारच अरुंद आहे. सरासरी फ्रेम रेट ठीक दिसतो, पण कॅमेरा वळवला की अडकतो. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम चिपनेच तयार करणं) चालू करून सुटका होईल असं वाटतं, पण ते स्वतःच काही शे एमबी मेमरी खातं, आणि ६ जीबीत तेच नेमकं नसतं. २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ने किमान गरज म्हणूनच ८ जीबी लिहिली होती. चार वर्षं वापरायचा लॅपटॉप ६ जीबीचा घेणं मला पटत नाही.

४०६० मध्ये कोअर ३,०७२, ४०५० मध्ये २,५६०. मेमरीची रुंदी १२८ बिट विरुद्ध ९६ बिट. म्हणजे कोअर २० टक्के आणि मेमरीचा वेग ३३ टक्के जास्त, वर २ जीबी जास्त.

हिशोब असा मांडा. समजा १६ जीबीची स्टिक आज ‘क्ष’ रुपयांना मिळते. ४०५० ची खरी किंमत ७२,९९० अधिक क्ष. दुसऱ्यात १६ जीबी आधीच आहे, एक स्टिक असली तरी वर्षभर निभेल. क्ष ७,००० असेल तर फरक ९,००० चा उरतो, आणि त्या ९,००० त मोठं ग्राफिक्स, ८ जीबी मेमरी आणि बरी स्क्रीन मिळते. माझं मत सरळ आहे: ४०५० वाला ६५ हजारांच्या आत आला तरच घ्या. ७२,९९० ला नको.

स्क्रीनचंही सांगतो. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६५ टक्क्यांच्या आत. लाल रंग विटकरी दिसतो, त्वचेचे रंग फिके दिसतात. शिवाय असे पॅनल बहुतेक संथ असतात. १४४ हर्ट्झला एक फ्रेम ६.९ मिलिसेकंदाची, आणि पिक्सेलला रंग बदलायला २५-३० मिलिसेकंद लागले तर आधीच्या तीन फ्रेमची सावली स्क्रीनवर राहते. १४४ हा आकडा मग कागदावरच राहतो. पॅनल बदलता येतं, पण ४० पिनच्या कनेक्टरचंच लागतं (६० हर्ट्झची पॅनल ३० पिनवर चालतात) आणि वॉरंटीत हात घालावा लागतो.

हायब्रिड_मोड

वरच्यांशी मी अर्धाच सहमत आहे. ४०६० वाल्यातला प्रोसेसर नीट बघा. ७४३५एचएस मध्ये अंतर्गत (प्रोसेसरमधलंच) ग्राफिक्स बंद केलेलं असतं. बाकी ती एएमडीच्या झेन ३+ रचनेचीच ८ कोअर, १६ थ्रेडची चिप आहे, २०२२ सालच्या पिढीतली. खेळासाठी उत्तम, पण लेक्चरला बसून नोट्स काढतानासुद्धा ४०६० चालूच राहते. साध्या कामाला वीस वॉटच्या पुढे जातं, म्हणजे ५०-५५ वॉट-तासाच्या बॅटरीवर दोन-अडीच तास. १३४२०एच वाला हायब्रिड मोडमध्ये (साध्या कामाला फक्त अंतर्गत ग्राफिक्स) बारा-पंधरा वॉटवर राहतो, तोच साठा चार तास पुरतो. कॉलेजात दिवसभर सॉकेट मिळत नसेल तर रोज छळणारी गोष्ट ही आहे, टेक्स्चर नव्हे.

अंतर्गत ग्राफिक्स नसण्याचा एक फायदाही आहे: मक्स स्विचची भानगडच नाही, स्क्रीन थेट ४०६० ला जोडलेली. १३४२०एच वाल्यात मक्स नसेल तर प्रत्येक फ्रेम इंटेलच्या ग्राफिक्समधून फिरून जाते. सायबरपंकमध्ये कळणार नाही. व्हॅलोरंटमध्ये दोनशेच्या वर फ्रेम जातात तिथे कळेल. बाहेरचा मॉनिटर लावणार असाल तर एचडीएमआय कुणाला जोडलंय ते तपासा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सच्या पानावर प्रत्येक पोर्ट कोणत्या ग्राफिक्सला जातो त्याचं चित्र दिसतं.

सॉलिडवर्क्सचं म्हणाल तर पार्ट बनवणं बहुतेक एकाच कोअरवर चालतं आणि जीफोर्स कार्ड (४०५०, ४०६० त्यातलीच) सॉलिडवर्क्सच्या अधिकृत यादीत नसतात. ४०५० किंवा ४०६०, दोन्हीवर विद्यार्थ्याचं काम सारखंच होईल. तिथे पैसा रॅमवर टाकावा. अ‍ॅन्सिसच्या विद्यार्थी आवृत्तीत मॉडेलच्या आकाराला मर्यादा आहे, त्यामुळे ग्राफिक्सपेक्षा कोअर आणि रॅम कामी येतात.

तेव्हा खेळ मुख्यतः व्हॅलोरंट आणि जीटीए असतील, सायबरपंक एकदा खेळून संपणार असेल, तर ४०५० अधिक १६ जीबीची स्टिक हाही शहाणा निर्णय आहे. भाव मात्र अजून पाडायला हवा, तिथे वॉट_मोजांशी सहमत. आणि तिसरा पर्याय शोधा: ४०६० सोबत ७७३५एचएस, ७८४०एचएस किंवा इंटेलचा १२६५०एच. या सगळ्यांत अंतर्गत ग्राफिक्स आहे. ९० च्या आसपास असा मिळाला तर वाद मिटला.

उन्हाळी_थ्रॉटल

जळगावचं ऊन कुणी धरलेलं दिसत नाही. बहुतेक कंपन्या वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत धरतात. एप्रिल-मे मध्ये जळगावात, अकोल्यात बाहेर ४३-४५, होस्टेलच्या वरच्या मजल्यावर खोलीत ३८ सहज. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तितकीच वर जाते, आणि मग थ्रॉटलिंग, म्हणजे वेगाची कापणी सुरू होते: इंटेलची १०० अंशांना, ग्राफिक्सची साधारण ८७ ला. १४० वॉट कागदावर असले तरी मे महिन्यात ते मिळतीलच असं नाही. म्हणून रिव्ह्यूमध्ये तापमान बघताना खोलीचं तापमान किती होतं ते आधी बघा. परदेशातल्या २२ अंशांच्या खोलीतली चाचणी आपल्या उपयोगाची नाही.

उपाय साधे आहेत. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, हवा खालून आत जाते. कंट्रोल पॅनलमधून फ्रेम रेट ६० किंवा ७२ ला बांधा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या व्होल्टेजचा आलेख उघडून ८५० मिलिव्होल्टला २,२०० मेगाहर्ट्झच्या आसपास सपाट करा. खेळ अस्थिर झाला तर ५० मेगाहर्ट्झने खाली या. वेग नगण्य कमी होतो, उष्णता बरीच घटते. चादरीवर ठेवून खेळायचं नाही. धूळ सहा महिन्यांनी काढा, आणि हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर पंखा बेफाम फिरून बेअरिंग जातं.

आणि अर्थिंग. या चार्जरना तीन पिनांचा प्लग असतो. होस्टेलात दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला की अर्थ तुटते. मग अंगाला झिणझिण्या येतात, टचपॅडवर बाण आपोआप उड्या मारतो, आणि लोक लॅपटॉप खराब आहे म्हणून सर्व्हिस सेंटरला नेतात. चांगला तीन पिनांचा सर्ज प्रोटेक्टर घ्या, पण भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थ नसेल तर त्याचाही उपयोग नाही. आधी ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

बिल_आणि_वॉरंटी

कुठलाही घेतला तरी पैशाच्या आणि तपासणीच्या बाजू.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हालाच पडतो, वर प्रोसेसिंग फी. ७३ हजारांवर सहा महिन्यांसाठी, १६ टक्के व्याजदर धरला तर हे सगळं मिळून सुमारे ८०० रुपये होतात. सोसण्यासारखे आहेत, पण ३,००० च्या कार्ड सूटमधून वजा करा. कार्डाची सूट ईएमआयवर लागू आहे की पूर्ण पैसे भरल्यावर, तेही वाचा.

विक्रेता कोण ते बघा आणि परत घेण्याची अट वाचा. लॅपटॉपवर बऱ्याचदा फक्त सात दिवसांत बदलून मिळतो, तेही त्यांचा माणूस दोष मान्य करेल तर. म्हणून ओपन बॉक्स डिलिव्हरी निवडा आणि खोकं फोडल्यापासूनचा सलग व्हिडिओ काढा, सिरियल नंबर दिसेल असा.

पहिल्याच दिवशी तपासायचं: कंपनीच्या साइटवर सिरियल टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. बिलाच्या तारखेच्या आधीची दिसत असेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक चालतो, दहा टक्के असेल तर माल वापरलेला किंवा वर्षभर गोदामात पडलेला आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीचे चालू तास बघा, नव्यात फार तर एक आकडी. अंधारात पूर्ण काळी स्क्रीन लावून कडेने प्रकाश गळतो का बघा, मग पांढरी लावून मेलेले पिक्सेल. शेवटी जड खेळ किंवा टेस्ट अर्धा तास चालवा, बाजूला एचडब्ल्यूइन्फो (वॉट आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडं ठेवून. ग्राफिक्स सांगितलेल्या ७५ वॉटला टिकतं का, आणि चार्जर लावलेला असून बॅटरी उतरते का, हे त्यातच कळतं. १३५ च्या चार्जरवर प्रोसेसरचे ४५, ग्राफिक्सचे ७५ आणि बाकीचे १५-२० धरले की जागा उरत नाही, त्यामुळे थोडी उतरली तर तो दोष नाही, रचनाच तशी आहे.

जळगावकर_प्रसाद

खूप मदत झाली. रॅमचा भाव विचारला, क्ष बराच मोठा निघाला, त्यामुळे ४०५० बाद. भावाला बॅटरीचं विचारलं तर वर्गात सॉकेट मोजकेच आहेत म्हणाला. १२६५०एच आणि ४०६० असलेला, ८ जीबीच्या दोन स्टिक आणि १०० टक्के एसआरजीबीचा एक ९१,४९० ला दिसतोय, ग्राफिक्स १०५ वॉट. तोच नक्की करतोय. पुढे भाव उतरले की रॅम वाढवताना काय सांभाळायचं?

दोन_स्टिक_हव्यात

हे चांगलं निवडलंत. १०५ वॉट भरपूर झाले.

रॅमसाठी आधी सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये डीडीआर४ की डीडीआर५ ते खात्रीने बघा. १२६५०एच दोन्हींवर चालतो आणि कंपन्या दोन्ही लावतात, खाच वेगळी असल्याने चुकीची बसतच नाही. झाकण उघडल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो ते सर्व्हिस सेंटरला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, काढाल त्याच मांडणीने कागदावर ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या पॅनलला फुगवटा येतो. कडा उचकटायला प्लास्टिकचं कार्ड वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मगच स्टिकला हात लावा.

डीडीआर५ असेल तर नवीन स्टिकनंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन एक-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त काळी राहते. मदरबोर्ड स्टिकची वेळ जुळवत असतो. तेव्हा घाबरून बटण दाबून बंद करू नका, चार्जर लावलेला ठेवून थांबा. पाच मिनिटांनीही काही आलं नाही तर स्टिक काढून पुन्हा तिरकी घालून, दोन्ही बाजूच्या क्लिपचा आवाज येईपर्यंत दाबा. चालू झाल्यावर सीपीयू-झेड मध्ये चॅनल ‘४x३२ बिट’ दिसले की दोन्ही स्टिक बरोबर बसल्या आहेत. ‘२x३२’ दिसलं तर एक स्टिक ओळखलेली नाही.